गारठ्यातला फुटबॉल: घालायचं काय, काढायचं कधी

दिवाळी सरली की मराठवाड्यात शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांना रंग चढतो आणि त्याच सुमारास पहाटेचा गारठाही वाढतो. या वेळच्या टपालातली बरीच पत्रं एकाच काळजीची आहेत: सकाळच्या फुटबॉल सामन्याला अंगात काय घालायचं? खेळणाऱ्यांनी विचारलं आहे, तसं काठावर बसणाऱ्यांनीही. म्हणून हे पान त्यालाच दिलं आहे.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, शाळेच्या संघात खेळतो. सामने सकाळी सातला असतात. मी त्याला बनियन, त्यावर शाळेचा स्वेटर आणि वरून जर्सी घालून पाठवते. तरी हाफ टाइमला बघावं तर तो आतून ओलाचिंब आणि काकडलेला. आणखी एक स्वेटर चढवू का?
(एक आई, परभणी)

ताई, आणखी एक चढवू नका. आहे त्यातला एक काढा आणि बनियन बदला. तुमच्या मुलाला थंडी वाजते ती कपडे कमी पडल्यामुळे नाही, घामामुळे.

पळणारं शरीर भट्टीसारखं असतं. पाच-सात मिनिटांत ते इतकी उष्णता तयार करतं की स्वेटर नकोसा होतो आणि घाम फुटतो. सुती बनियन हा घाम पिऊन घेते आणि धरून ठेवते. तोवर मुलगा पळत असल्यामुळे काही जाणवत नाही. शिटी वाजून तो थांबला, की भट्टी मंदावते आणि छातीला चिकटलेलं ओलं कापड अंगातली ऊब ओढायला लागतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वर स्वेटर असला तरी आतली ओल तशीच राहते, उलट ती वाळायला जास्त वेळ लागतो.

म्हणून सुती बनियनच्या जागी पॉलिस्टरची पूर्ण बाह्यांची, अंगाला बसणारी इनर घ्या. दुकानात तिला ‘स्किन-फिट’ म्हणतात. या धाग्यात पाणी मुरत नाही. घाम कापडावर पसरतो आणि बाहेरच्या बाजूने उडून जातो. घेताना एक परीक्षा करा: कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब सोडा. तो लगेच पसरून कापडाच्या दुसऱ्या बाजूला उमटला तर इनर कामाची. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर ती सोडा. नवी घेणं जमत नसेल तर घरातली जुनी, एक माप लहान झालेली पॉलिस्टर जर्सी आतून घाला, तीही चालते. ती अंगाला टेकलेली मात्र हवी, कारण सैल इनर घाम टिपत नाही, नुसती लोंबकळते.

सामन्यात अंगावर एवढंच: इनर, जर्सी, हाफ पँट, हवं तर पायात टाइट्स. स्वेटर किंवा ट्रॅकसूटचं जॅकेट हे वॉर्म-अपपुरतं. वॉर्म-अप १५ ते २० मिनिटांचा धरला तर पहिली दहा-बारा मिनिटं जॅकेट राहू द्यावं आणि पाठ दमट लागायला लागली की लगेच काढावं. कपाळावरून घाम ओघळेपर्यंत थांबलं तर उशीर झाला असं समजा. सामना सुरू होताना मुलाला किंचित गार वाटत असेल तर कपडे बरोबर आहेत. उभ्या उभ्याच ‘छान उबदार’ वाटत असेल तर जास्त झाले.

त्याच्या पिशवीत दुसरी कोरडी इनर, एक पंचा, मोज्यांचा कोरडा जोड आणि ओले कपडे टाकायला एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. टॉवेलपेक्षा पंचा बरा, कमी जागा घेतो आणि लवकर वाळतो. नियमानुसार हाफ टाइम १५ मिनिटांपेक्षा जास्त नसतो आणि शालेय सामन्यांत त्याहून कमीच मिळतो. तेवढ्यात क्रम असा ठेवायचा: आधी ओली जर्सी आणि इनर काढायची, पाठ-छाती-काखा पंचाने खरखरून कोरड्या करायच्या, कोरडी इनर घालायची, वरून जर्सी, त्यावर जॅकेट, आणि मग पाणी प्यायचं. बरीच मुलं आधी पाणी पीत, बोलत ओल्या अंगाने बसतात आणि कपडे बदलायचे राहूनच जातात.

जाता जाता, आयोजकांशी वेळेबद्दल बोलून पाहा. आपल्याकडे या दिवसांत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. रात्रभर जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि पारा सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या सुमारास. डिसेंबरअखेर तुमच्याकडे सूर्योदयच सातच्या आसपास होतो, म्हणजे सातचा सामना नेमका सर्वांत गार घटकेला. तोच साडेआठला ठेवला तर ऊन मैदानावर आलेलं असतं. लहान गटांचे सामने तरी उशिरा ठेवावेत असं आमचं ठाम मत आहे. मोठ्या माणसाच्या मानाने लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या हिशेबाने जास्त असतो, त्यामुळे ते लवकर गार पडतं.

प्रश्न: आमच्या एका खेळाडूला रेफ्रीने लाल जर्सीखाली पांढरी इनर घातली म्हणून बाहेर काढलं. थंडीत आत काय घालायला परवानगी आहे? कानटोपीचं काय?
(क्रीडाशिक्षक, उदगीर)

सर, रेफ्रीचं बरोबर होतं. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम पोशाखाचा आहे. इनर एकाच रंगाची आणि जर्सीच्या बाहीचा जो मुख्य रंग त्याच रंगाची हवी. बाहीवर नक्षी असेल तर इनरवर हुबेहूब तशीच चालते. टाइट्स किंवा आतली चड्डी ही हाफ पँटच्या मुख्य रंगाची किंवा तिच्या खालच्या काठाच्या रंगाची हवी, आणि एका संघात ज्यांनी ज्यांनी ती घातली त्या सगळ्यांची सारख्या रंगाची. मोज्यावर पट्टी गुंडाळली तर तीही मोज्याच्याच रंगाची. चूक दिसली तर खेळ थांबवायची गरज नसते. खेळाडूने बाहेर जाऊन दुरुस्ती करायची आणि रेफ्रीच्या परवानगीनेच परत यायचं.

डोक्यावरचं झाकण काळं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं, डोक्याला घट्ट बसणारं आणि जर्सीला न जोडलेलं हवं. त्यातून काहीही बाहेर लोंबता कामा नये. म्हणून गोंडा असलेली, हनुवटीखाली दोरी बांधायची आपली नेहमीची कानटोपी सामन्यात बसत नाही. साधी, गुळगुळीत, काळी टोपी बसते. हातमोजे कोणीही घालू शकतो. मानेभोवतीच्या गुंडाळपट्टीवर म्हणजे स्नूडवर नियम ठरवणाऱ्या मंडळाने, आयफॅबने, २०११ साली बंदी घातली. ती वॉर्म-अपला वापरा आणि शिटीआधी काढून ठेवा. मफलरही तसाच.

संघासाठी कपडे घेताना इनर आणि टाइट्स जर्सीबरोबरच, एकाच दुकानातून, एकदम घ्या. ‘लाल’ म्हणून चार मुलांनी चार ठिकाणांहून आणलेले लाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मग वाद घालायची वेळ येते.

प्रश्न: माझ्या मुलीचा सामना बघायला माझ्या वडिलांना यायचं आहे. वय ७२. मैदान नदीच्या बाजूला आहे, वारा असतो आणि सिमेंटच्या पायऱ्यांवर बसावं लागतं. त्यांना काय घालू?
(वाचक, नांदेड)

खेळणाऱ्याला जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट आजोबांना लागू. ते दीड तास हलणार नाहीत, म्हणून त्यांना थर जास्त हवेत. फक्त एका जाड कपड्यापेक्षा तीन-चार पातळ बरे, कारण थरांच्या मध्ये अडकलेली हवाच ऊब धरते आणि ऊन आलं की एकेक काढता येतो. आत थर्मल, त्यावर सदरा, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारं काहीतरी. हे शेवटचं आपल्याकडे विसरलं जातं. विणलेल्या स्वेटरच्या भोकांतून वारा आरपार जातो आणि आत साठलेली उबदार हवा घेऊन जातो. १० अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला सुमारे ७ अंशांसारखा गारठा जाणवतो. विंडचीटर घेताना कापड तोंडाशी धरून जोरात फुंका. पलीकडे हाताला झुळूक लागली तर ते वारा अडवणार नाही.

आता पायऱ्या. सिमेंट रात्रभर गार झालेलं असतं आणि सकाळी आठपर्यंत तरी बुडाखालून ऊब ओढत राहतं. वर तीन स्वेटर घालूनही माणूस कुडकुडतो तो यामुळे. घरात घोंगडी असेल तर ती चार पदरी घडी करून खाली घाला. जाड, खरबरीत लोकर दाबली तरी पूर्ण चपटी होत नाही आणि तिच्यात हवा राहते. दवाने थोडी ओलसर झाली तरी ती ऊब सोडत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही. शाल किंवा चादर मात्र खाली घालू नका, ती दबून कागदासारखी होते. घोंगडी नसेल तर बारदाना दुमडून त्यावर सतरंजी घाला.

पायांखालीही पुठ्ठा किंवा पोतं टाका. बुटात लोकरीच्या मोज्यांचा एकच जोड, पण बोटं हलवता येतील असा सैल. दोन जोड घालून बूट आवळला की पायातला रक्तप्रवाह कमी होतो आणि बोटं आणखी गार पडतात. चप्पल नको.

कानटोपी जरूर घाला, पण ‘निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते’ या समजापायी बाकीचं सैल सोडू नका. मोठ्या माणसाच्या अंगाच्या एकूण पृष्ठभागात डोक्याचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. कान आणि मान झाकली की सुख वाटतं, हे खरं. थर्मासमध्ये चहा न्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी आजोबांना उठवून चार पावलं चालवा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण गारठ्यात रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वाढतो.

नऊनंतर त्यांचे थर काढायला सुरुवात करा. आपल्याकडे सकाळी १० अंश आणि दुपारी २८ अंश हे एकाच दिवशी घडतं. वयस्कर माणसं उकडलं तरी सांगत नाहीत.

प्रश्न: मी १६ वर्षांची, गोलकीपर आहे. चेंडू माझ्याकडे येईपर्यंत बोटं बधिर होतात आणि तो हातातून निसटतो.
(खेळाडू, लातूर)

तू मैदानात सर्वांत कमी पळतेस, म्हणून तुला दहा जणींपेक्षा एक थर जास्त हवा. इनर, त्यावर फ्लीसचा म्हणजे मऊ, लवदार कापडाचा पातळ टी-शर्ट आणि वरून गोलकीपरची पूर्ण बाह्यांची जर्सी घाल. नियम गोलकीपरला लांब ट्रॅकपँट घालायची मुभा देतो. ती घाल, कारण मुरमाच्या मैदानावर झेप घेतल्यावर गुडघेही वाचतात.

बोटं बधिर झाली की दोष बहुतेक वेळा मोज्यांचा नसून धडाचा असतो. शरीराला थंडी वाजली की ते आधी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं आणि पोटातल्या अवयवांकडे वळवतं. छाती-पोट गरम ठेवलंस की बोटांपर्यंत रक्त पोहोचतं. खेळ पलीकडच्या अर्ध्यात असेल तेव्हा उभी राहू नकोस. पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत जा-ये कर, आणि हात खांद्यातून पूर्ण गोल दहा वेळा जोरात फिरव, म्हणजे रक्त बोटांच्या टोकाकडे जातं.

ग्लोव्हजच्या तळव्यावरचं लेटेक्स गारठ्यात कडक होतं आणि पकड कमी होते. रात्री ते पिशवीत बाहेर ठेवू नकोस. सामन्याला येताना जॅकेटच्या आत छातीशी ठेव आणि मैदानात उतरण्यापूर्वी तळवा कोमट पाण्याने जरासा ओला कर. पिळून पाणी निघेल इतका भिजवायचा नाही, नाहीतर आतली बोटं भिजतील. ग्लोव्हजच्या आत आणखी पातळ मोजे घालायचे असतील तर सरावात घालून बघ. बोटांना आवळलं तर ते काढून टाक.

प्रश्न: सबस्टिट्यूट खेळाडू ७०व्या मिनिटाला उतरतो आणि पाचच मिनिटांत मांडी धरून बसतो. दोन सामन्यांत असंच झालं.
(प्रशिक्षक, जालना)

तो सगळ्यांबरोबर वॉर्म-अप करतो, घामेजतो आणि मग त्याच ओल्या कपड्यांत तासभर बाकावर बसतो. स्नायू पुन्हा गार आणि ताठ होतात. त्याच्यासाठी वॉर्म-अपची टी-शर्ट वेगळी ठेवा. वॉर्म-अप संपताच ती उतरवून, अंग पुसून, कोरडी इनर आणि जर्सी घालायची आणि वर ट्रॅकसूटचं जॅकेट-पँट दोन्ही. बसणाऱ्यांसाठी गुडघ्यापर्यंत येणारी दोन-तीन लांब जॅकेटं किंवा कांबळी संघाने ठेवावीत. मांड्या झाकणं महत्त्वाचं आहे, कारण दुखापत तिथेच होते. दर दहा मिनिटांनी त्याला रेषेबाहेर उठवा. उतरवण्याआधी सलग सात-आठ मिनिटं हलकं पळणं, गुडघे वर घेणं, मग तीन-चार जोरकस छोट्या धावा, आणि हे सगळं पँट न काढता. बदलीचा कागद रेफ्रीकडे गेला की मग पँट उतरवायची.

प्रश्न: पायाला तिळाचं तेल किंवा बाम चोळून उतरलं तर थंडी वाजत नाही, खरं का?
(वाचक, बीड)

नाही. तेलाने फुटलेली कातडी मऊ होते, ऊब येत नाही. चोळताना जी गरमी वाटते ती हाताच्या घर्षणाची. बामने कातडीला फक्त गरम किंवा गार वाटतं, आतला स्नायू तापत नाही. उलट तयार झालो असं वाटून वॉर्म-अप टाळला जातो. ओठांना, नाकाखाली आणि मांड्या घासतात तिथे पेट्रोलियम जेली लावा.

प्रश्न: मैदानावर सकाळी दव असतं. बूट पहिल्या दहा मिनिटांत भिजतात. मुलं दोन-दोन मोजे घालतात. चालेल का?
(क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई)

बूट आधीच दोन मोज्यांच्या मापाने घेतले असतील तरच. नाहीतर वर आजोबांसाठी लिहिलेला दोष इथेही आहे, शिवाय आत पाय घसरून फोड येतात. पॉलिस्टर-नायलॉनचा एकच मोजा घालून हाफ टाइमला तो बदलावा. मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बूट घालायची युक्ती काठावर उभ्या प्रशिक्षकाला ठीक आहे, खेळाडूला नाही. वळताना पाय आतल्या आत सरकतो आणि घोटा मुरगळतो. शिनगार्ड म्हणजे नडगीवरची ढाल आधी बांधावी आणि वरून तो एकच मोजा ओढावा. शिनगार्ड मोज्याने पूर्ण झाकलेलं असणं नियमातही आहेच.

भिजलेल्या बुटातला सुटा तळ (इनसोल) काढून ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे गच्च भरा, तासाभराने ते बदला आणि बूट सावलीत, वाऱ्यावर ठेवा. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवल्यास तळव्याचा गोंद सुटतो.

प्रश्न: मुलीला दमा आहे. थंडीत खेळली की खोकला सुरू होतो.
(एक आई, हिंगोली)

गार आणि कोरडी हवा भराभर तोंडाने आत गेली की श्वासनलिका आवळतात. आपल्याकडच्या हवेत दोन्ही दोष आहेत. वॉर्म-अप २० मिनिटांपर्यंत लांबवा, सावकाश सुरू करा आणि त्या वेळी नाकातोंडावर पातळ रुमाल किंवा स्नूड बांधा, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते. सामन्याआधी इन्हेलर घ्यायचा का आणि किती, हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच. इन्हेलर मैदानाबाहेर कोणाच्या तरी आतल्या खिशात ठेवा, गार पिशवीत नाही, कारण फार गार झालेल्या डब्यातून औषध नीट फवारत नाही. कोण धरून उभं आहे, हे मुलीला आणि प्रशिक्षकाला माहीत हवं.

प्रश्न: आम्ही नोकरदार मित्र रात्री नऊला टर्फवर खेळतो. खेळताना थंडी वाजत नाही, पण मोटारसायकलवर घरी जाताना दात वाजतात आणि दुसऱ्या दिवशी अंग आखडतं.
(वाचक, छत्रपती संभाजीनगर)

घामेजलेल्या जर्सीवर जॅकेट चढवून गाडीला किक मारणं, ही या खेळातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. १० अंशांत ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवली तर उघड्या कातडीला ६ अंशांसारखा गारठा लागतो, आणि तुमची छाती तर ओली असते. खेळ संपल्यावर दहा मिनिटांच्या आत कंबरेपासून वरचं सगळं बदला. गप्पा कोरडे कपडे घालून मारा. मोजेही बदला. जॅकेट पातळ असेल तर त्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन-तीन पानं उलगडून ठेवा, चेन गळ्यापर्यंत ओढा. वारा अडवायला हा कागद जाड स्वेटरपेक्षा सरस ठरतो. वजन उतरावं म्हणून काही जण रेनकोट घालून खेळतात, ते बंद करा. घाम आतच साचतो आणि उतरतं ते पाण्याचं वजन, जे पाणी प्यायल्यावर परत येतं.

कोणी थांबल्यावरही जोरात थरथरत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा चेन लावता येत नसेल, तर त्याला गाडीवर बसवू नका. ओले कपडे काढून कोरड्या कांबळ्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड, गरम चहा द्या, हातपाय चोळू नका आणि दारू तर मुळीच देऊ नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली ऊब आणखी भराभर बाहेर जाते. थरथर थांबली पण माणूस सुस्त झाला, तर थेट दवाखाना.

प्रश्न: महागाची इनर दोन महिन्यांत घाम टिपेनाशी झाली. खराब निघाली का?
(वाचक, धाराशिव)

बहुधा धुण्यात बिघडली. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव वापरत असाल तर बंद करा. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरेनासा होतो. दोन-तीन वेळा कोमट पाण्यात, थोड्याच साबणाने, उलटी करून धुवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळा. बरेचदा ती पूर्ववत होते. इस्त्री करू नका. सामन्याहून आल्यावर ती पिशवीत तशीच ठेवली की वास धरते आणि तो वास मग सहज जात नाही. आल्या आल्या पाण्यातून काढून दोरीवर टाका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत संध्याकाळपर्यंत वाळते.